सगळे म्हणत होते बॉब डिलन संपला, पण ५६ व्या वर्षी गड्याने ग्रॅमी आणलं

तारीख होती २५ फेब्रुवारी १९९८. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा रंगात आला होता. स्टेजवर बॉब डिलन गात होता आणि त्याच्या मागे माहौल दिसावा म्हणून काही पोरंपोरी उभी केली होती. त्यातला एक जण अचानक शर्ट काढून थेट डिलनच्या शेजारी आला आणि अंगात आल्यासारखा नाचायला लागला. छातीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘सॉय बॉम्ब’.

डिलनने त्याच्याकडे एकदा तिरक्या नजरेनं बघितलं आणि गाणं चालूच ठेवलं. शेवटी त्या पोराला स्टेजवरून बाहेर काढलं.

आजही त्या रात्रीचा विषय निघाला की लोकांना हा नाचणारा पोरगा आठवतो. पण खरा विषय वेगळा होता. त्या रात्री ‘अल्बम ऑफ द इयर’च्या शर्यतीत रेडिओहेडचा ‘ओके कॉम्प्युटर’ होता, पॉल मॅकार्टनीचा ‘फ्लेमिंग पाय’ होता. आणि जिंकला कोण? तर ज्याला लोकांनी कधीच निकालात काढलं होतं तो ५६ वर्षांचा डिलन. अल्बमचं नाव ‘टाइम आउट ऑफ माइंड’.

आता निकालात का काढलं होतं, ते बघू.

डिलनचा पहिला अल्बम आला १९६२ मध्ये. पुढच्या चार-पाच वर्षांत या माणसाने गाणं लिहिण्याची पद्धतच बदलून टाकली. वय किती? तर पंचविशीच्या आसपास. अडचण अशी की पंचविशीत एवढं करून ठेवलं की पुढचं सगळं आयुष्य त्याच्याशीच तुलना होते. ऐंशीच्या दशकात त्याची गाडी घसरली. १९८७ च्या सुमारास आपल्याच गाण्यांशी आपलं नातं उरलेलं नाही आणि आता थांबावं, असं वाटत होतं, हे त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. १९९० ला आलेला ‘अंडर द रेड स्काय’ समीक्षकांच्या फारसा पचनी पडला नाही. आणि १९९१ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी त्याला जीवनगौरव पुरस्कार देऊन टाकला.

वय वर्षं ४९. आपल्याकडे जीवनगौरव म्हणजे शाल, श्रीफळ आणि ‘आता आराम करा’ असा प्रेमळ इशारा. तिकडेही फार वेगळं नसावं.

‘अंडर द रेड स्काय’नंतर सात वर्षं डिलनच्या स्वतःच्या नव्या गाण्यांचा एकही अल्बम आला नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. १९९५ च्या ‘रंगीला’साठी आशा भोसले गायल्या तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. तरी गाणी तरुण नायिकेची होती आणि ती शोभलीही. कारण शब्द दुसऱ्याचे, चाल रेहमानची, गळा आशाताईंचा. स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्याला ही सोय नसते. त्याचं पोट वाढतं, संसार मोडतो, दोस्त जातात आणि त्यानंतरही त्यालाच लिहायचं असतं. त्यात लोकांना हवी असतात जुनी गाणी. कार्यक्रमात नवं गाणं सुरू झालं की पब्लिक वडापाव आणायला उठतं.

डिलनने या सात वर्षांत केलं काय? तर दोन गोष्टी. एक म्हणजे तो गात फिरत राहिला. १९८८ च्या जूनमध्ये सुरू केलेले दौरे त्याने थांबवलेच नाहीत, वर्षाला साधारण शंभर कार्यक्रम. दुसरी म्हणजे १९९२ आणि १९९३ मध्ये त्याने दोन अल्बम केले, ज्यात स्वतःचं एकही गाणं नव्हतं. सगळी जुनी लोकगीतं आणि ब्लूज. सोबतीला फक्त गिटार आणि माउथ ऑर्गन. विक्रीच्या दृष्टीने हा वेडेपणाच होता, पण पुढे जे झालं त्याची मुळं इथेच सापडतात. मोठा गवय्या रियाजाला पुन्हा पहिल्या पलट्यांपासून बसावा तसा हा प्रकार होता.

मग मिनेसोटातल्या आपल्या शेतावर, बर्फाच्या दिवसांत, त्याने पुन्हा लिहायला घेतलं. प्रोड्युसर डॅनिअल लान्वाला न्यूयॉर्कच्या हॉटेलात बोलावलं आणि गिटार न घेता नुसते शब्द वाचून दाखवले. सोबत ब्लूजच्या जुन्या रेकॉर्ड्स ऐकायला सांगितलं. त्याला आवाज तसा हवा होता, धुळीतून आल्यासारखा.

रेकॉर्डिंग झालं जानेवारी १९९७ मध्ये, मायामीच्या क्रायटीरिया स्टुडिओत. डझनभर वादक एकाच वेळी, एकाच खोलीत. ड्रमरसुद्धा एकापेक्षा जास्त. डिलन ऐनवेळी गाण्याची पट्टी बदलायचा, लय बदलायची आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे पळायचं. त्या पळापळीत जे सापडलं ते ठेवायचं.

लान्वाची पद्धत वेगळी. त्याला आवाजावर आवाज चढवून धुकं तयार करायला आवडतं. दोघांची चांगलीच जुंपली. ‘मिसिसिपी’ नावाचं गाणं कसं वाजवायचं यावर तर एकमत झालंच नाही. डिलनने ते अल्बममधूनच काढलं आणि २००१ च्या पुढच्या अल्बमसाठी पुन्हा रेकॉर्ड केलं.

पण एका गोष्टीत अल्बम पक्का होता. डिलनचा आवाज तोपर्यंत चिरका आणि खरखरीत झाला होता आणि तो लपवायचा प्रयत्नच कुणी केला नाही. गाणीही त्या आवाजाच्या वयाची. रात्रभर चालणारा, प्रेमाला कंटाळलेला आणि तरी प्रेमात असलेला माणूस. ‘नॉट डार्क येट’मध्ये तर अंधार पडत चाललाय एवढंच सांगायचंय आणि ते तो कसलीही घाई न करता सांगतो. शेवटचं ‘हायलँड्स’ साडेसोळा मिनिटांचं आहे. त्यात बराच वेळ तो एका रेस्टॉरंटमधल्या वेट्रेसशी गप्पा मारतो. रील्सच्या जमान्यात हे अवघड वाटेल, पण संपेपर्यंत उठवत नाही.

मे १९९७ मध्ये, ५६ वा वाढदिवस होतो न होतो तोच डिलन हॉस्पिटलमध्ये. हिस्टोप्लाज्मोसिस नावाच्या बुरशीच्या संसर्गामुळे त्याच्या हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली होती. पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने भरलेल्या मातीत ही बुरशी वाढते. युरोपचा दौरा रद्द झाला. बाहेर आल्यावर तो म्हणाला की आता एल्विसची भेट होणार असंच वाटत होतं.

३० सप्टेंबरला अल्बम आला आणि अनेकांनी हिशोब जुळवला. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाची ही गाणी. हे वाक्य आजही सोशल मीडियावर फिरत असतं.

पण ते खरं नाही. गाणी आजाराच्या आधी लिहून, आधी रेकॉर्ड करून झाली होती. मरण दारात आलं म्हणून त्याने ती लिहिली नाहीत. पन्नाशी उलटल्यावर साध्या दिवशीही जे दिसतं ते त्याने लिहिलं होतं. मला वाचवलं म्हणून मी बदललो, अशी फिल्मी गोष्ट यात नाही आणि त्यामुळेच अल्बम जास्त अस्वस्थ करतो.

याच अल्बममधलं ‘मेक यू फील माय लव्ह’ तुम्ही नक्की ऐकलं असेल, बहुतेक अडेलच्या आवाजात. तिने ते २००८ मध्ये गायलं. गंमत म्हणजे डिलनचा अल्बम येण्याआधीच बिली जोएलने ते बाजारात आणलं होतं.

ग्रॅमीच्या रात्री डिलनला तीन पुरस्कार मिळाले. त्याच रात्री त्याचा मुलगा जेकब याच्या ‘वॉलफ्लॉवर्स’ बँडने दोन नेले. ‘अल्बम ऑफ द इयर’ डिलनच्या वाट्याला याआधी एकदा आलं होतं, पण भागीदारीत. ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’च्या रेकॉर्डला १९७३ मध्ये ते मिळालं, तेव्हा त्या यादीत आपले रविशंकरही होते. एकट्याच्या नावावर मात्र ते यायला ३६ वर्षं लागली.

पुढे २००६ मध्ये ६५ व्या वर्षी त्याचा ‘मॉडर्न टाइम्स’ अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला. २०१६ ला साहित्याचं नोबेल आलं. पण लान्वाच्या त्या धुक्याबद्दलची त्याची नाराजी गेली नाही. त्यानंतर त्याने बाहेरचा प्रोड्युसर घ्यायचंच बंद केलं आणि ‘जॅक फ्रॉस्ट’ या टोपणनावाने स्वतःच ते काम बघायला लागला.

जानेवारी २०२३ मध्ये ‘फ्रॅगमेंट्स’ या संचात हाच अल्बम नव्याने मिक्स होऊन आला. धुकं कमी आणि खोलीत बसलेले वादक स्पष्ट ऐकू येणारा. दोन्ही ऑनलाइन ऐकता येतात. जुन्या फॅन्समध्ये भांडण अजून सुरू आहे आणि त्यातले बरेच जण, डिलनला आवडो न आवडो, लान्वाच्याच बाजूने आहेत.