गल्ला दुकानात मोजा, अंथरुणात नको: लॉकडाऊनने उडवलेली झोप आणि आपला धंदा



आज मार्केटिंग नाही, जीएसटी नाही. आज बोलायचंय झोपेवर. बिडकीनच्या बॅचमध्ये मी दुकानदारांना विचारतो, "रात्री झोप लागते का?" बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं असतं, "लॉकडाऊनपासून नाही लागत, सर." आता बघा, लॉकडाऊन कधीच संपला. शटर उघडलं, गिऱ्हाईक परत आलं. मग झोप का परत आली नाही? हे नीट समजून घ्या, कारण तुम्ही नवा धंदा टाकताय. हाच प्रश्न तुमच्याही उशाशी येऊन बसणार आहे.

आधी काय झालं ते आठवा

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला. त्या दिवशी गुढीपाडवा होता. पाडवा, अक्षय्य तृतीया आणि पुढची लग्नसराई धरून कापडवाले, भांडीवाले, चपलांचे दुकानदार माल भरून बसले होते. माल आत आणि शटर खाली. पुढच्या वर्षी परत तेच. ५ एप्रिल २०२१ च्या रात्री ८ पासून अत्यावश्यक सोडून राज्यातली बाकी दुकानं बंद झाली आणि पाडवा होता १३ एप्रिलला. सलग दोन वर्षं सीझनचा माल कपाटात राहिला. २० एप्रिलपासून तर किराणा, भाजी आणि दुधाची दुकानंही फक्त सकाळी ७ ते ११ उघडी.

आता ह्याचा झोपेशी संबंध बघा. आपलं शरीर घड्याळावर चालतं. सकाळचा उजेड, जेवणाची वेळ, कामाची वेळ ह्यावरून ते ठरवतं की झोप कधी आणायची. सकाळी ९ ला शटर उघडणारा माणूस नकळत रोज घड्याळाला चावी देत असतो. दुकान बंद झालं तशी ती चावीच गेली. दुपारी डुलकी, रात्री उशिरापर्यंत मोबाईल आणि त्यात बातम्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या देशात ९५८ लोकांचा एक सर्व्हे झाला, तो इंडियन जर्नल ऑफ सायकिॲट्रीमध्ये छापून आलाय. त्यात हेच दिसलं: लोक उशिरा झोपायला आणि उशिरा उठायला लागले, रात्रीची झोप कमी झाली, दिवसाची वाढली.

झोप उडवणारा एक, उडालेली ठेवणारा दुसरा

ही आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात निद्रानाशाची तीन कारणं वेगळी करून दाखवली. पहिलं, माणसाचा मुळातला स्वभाव. कुणी जात्याच काळजी करणारा असतो. दुसरं, झोप उडवणारी घटना. तिसरं, त्यानंतर लागलेल्या सवयी, ज्या घटना संपली तरी झोप येऊ देत नाहीत.

आता हे आपल्या दुकानाला लावा. महामारी म्हणजे दुसरं कारण, ते गेलं. तिसरं मात्र आपल्याकडेच राहिलं. अंथरुणात पडून उधारी मोजायची, हप्त्याचा हिशेब लावायचा, रात्री १२ वाजता डिस्ट्रिब्युटरचे मेसेज बघायचे. असं रोज केलं की मेंदू शिकतो, अंथरूण म्हणजे ऑफिस. मग पाठ टेकली की तो कामालाच लागतो. बरं, झोप आली नाही म्हणून आपण सकाळी उशिरा उठतो, दुपारी ताणून देतो, चहा वाढवतो. त्याने पुढची रात्रही जाते.

अंधारातला हिशेब नेहमी मोठा दिसतो

एक उदाहरण घ्या. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची मुदत दिली, मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. हप्ता थांबला, व्याज मात्र चालू राहिलं. "आता कर्ज किती झालं असेल?" ह्या एका प्रश्नाने किती लोक जागले असतील!

कागदावर मांडू. शिल्लक कर्ज २ लाख, व्याज वर्षाला १२ टक्के. म्हणजे महिन्याला २ हजार, सहा महिन्यांचे १२ हजार. व्याजावरचं व्याज तर केंद्राच्या योजनेत २ कोटींपर्यंतच्या कर्जांना परत मिळालं. मंदीत १२ हजार ही छोटी रक्कम नाही, मान्य. पण तिला आकडा आहे. हप्ते किती वाढतील, बँकेत कधी जायचं, हे ठरवता येतं. "काय होणार?" ह्याला आकडा नसतो, म्हणून ते रात्रभर फिरत राहतं.

जागरण म्हणजे मेहनत नव्हे

आपल्याकडे कमी झोपणाऱ्याचं कौतुक होतं. "चारच तास झोपतो पठ्ठ्या!" पण शरीराला कौतुक कळत नाही. ८ मे २०२० ची पहाट आठवा, आपल्याच जिल्ह्यात करमाडजवळ. जालन्याहून गावाकडे पायी निघालेले मजूर थकून रेल्वे रुळावरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. थकवा टोकाला गेला की शरीर जागा बघत नाही. हे आपण विसरू नये.

रोजच्या धंद्यातला हिशेबही बघा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची सावधगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी खाली येते, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधनात दिसलंय. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे ५ ला उठून जाधववाडीतून भाजी आणली, तर रात्री १० ला तुमचे १७ तास भरले. त्या वेळी पैठण रोडवर गाडी चालवणं, मोठ्या ऑर्डरला होकार देणं, कर्जाच्या कागदावर सही करणं, हे तुम्ही कुठल्या अवस्थेत करताय ते बघा.

मग करायचं काय?

१. हिशेब दुकानात संपवा. शटर खाली घ्यायच्या आधी २० मिनिटं द्या. गल्ला, उधारी, उद्याचे पेमेंट वहीत लिहा आणि वही दुकानातच ठेवा.

२. झोपायच्या आधी ५ मिनिटं उद्याच्या कामांची यादी करा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ साली ५७ जणांवर हा प्रयोग झाला. झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. यादी मोघम नको. "पेमेंट बघणे" असं लिहू नका, "सकाळी ११ ला तेलवाल्याला ५ हजार देणे" असं लिहा.

३. उठायची वेळ एकच ठेवा. रात्र कशीही गेली, आठवडी बाजार असो की सुट्टी. घड्याळाला चावी सकाळीच मिळते.

४. २० मिनिटांत झोप आली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसा. मोबाईल नको. डोळे जड झाले की परत या.

५. शेवटचा चहा दुपारी घ्या. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात.

घरगुती उपाय कुठे थांबवायचा?

आठवड्यात ३ किंवा जास्त रात्री त्रास आणि असं ३ महिन्यांहून जास्त चाललंय, तर डॉक्टर गाठा. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल तर लवकर जा. कोरोना होऊन गेल्यापासून झोप बिघडलेली असेल तर तेही सांगा. मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या आणू नका. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही २०१६ मध्ये सांगितलंय की जुन्या निद्रानाशावर आधी सवयी आणि विचार बदलणारा उपचार करावा, गोळीचा विचार नंतर. संभाजीनगरला घाटीत मानसोपचार विभाग आहे. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे. मन फार खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर तीन महिने मोजत बसू नका, लगेच फोन करा.

धंद्याचा प्लॅन बनवताना आपण भाडं, माल, लाईट बिल सगळं धरतो. त्यात एक ओळ वाढवा: हिशेबाची वेळ आणि झोपेची वेळ. बिडकीनला कंपन्या येतायत, चहा-नाष्ट्यापासून गाड्यांच्या कामापर्यंत संधी वाढतायत. पहिल्या वर्षी अडचणी येणारच, एखादी रात्र जाणारच. ती एक रात्र वर्षभर लांबू नये एवढं मात्र आपल्या हातात आहे.

आज शटर खाली घेताना वही उघडा. पुढच्या व्हिडिओत ती २० मिनिटांची वही कशी आखायची ते दाखवतो.