कऱ्हाडाहून चिपळुणास पायगाडीनें

सह्याद्रीचा पूर्वेकडील उतार सौम्य असून पश्चिमेकडे तो एकदम तुटलेला आहे, हें वाक्य आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल त्याची गणती नाहीं. परंतु त्याचा अर्थ आमच्या गुडघ्यांस कळला तो गेल्या मार्गशीर्षांत, कऱ्हाडाहून चिपळूणपर्यंतचा सुमारें १०० किलोमीटरांचा रस्ता आम्ही व आमचा नातू पायगाडीनें गेलों तेव्हां. (आम्ही पायगाडी म्हणतों, नातू सायकल म्हणतो, वाहन एकच.) साठी उलटलेल्या माणसानें घाटांत जाणें घरांत कोणास रुचलें नाहीं. अखेर सूनबाईंनीं दोन अटी घातल्या : प्रवास दोन दिवसांचा करावा, आणि कुंभार्ली घाट दोघांनींही गाडी हातीं धरून पायीं उतरावा. आम्हीं त्या मान्य केल्या.

पहांटे कऱ्हाडास प्रीतिसंगमावर हातपाय धुतले. येथें कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन मिळतात. दोघींचें माहेर महाबळेश्वर, परंतु वाटा निराळ्या. कृष्णा वाईवरून येते; कोयना सुमारें ६५ किलोमीटर दक्षिणेस उतरते, हेळवाकास पूर्वेकडे वळते व पाटणावरून येथें पोहोंचते. आपला रस्ता तिच्याच खोऱ्यांतून, प्रवाहाच्या उलट दिशेनें जातो. तेव्हां वाट चुकण्याचें कारण नाहीं.

मल्हारपेठेवरून पाटणपर्यंतच्या भागाविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. दोहों बाजूंस ऊंस, आणि गळिताचा हंगाम सुरू झालेला असल्यामुळें उंसानें लादलेले ट्रॅक्टर. त्यांच्यामागें रेंगाळूं नये. मोळ्या घसरून पडतात. पाटण सोडल्यावर मात्र खोरें अरुंद होतें व डोंगर जवळ येतात. कऱ्हाडास वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तर कोयनानगरास ५,००० च्या आसपास. साठ किलोमीटरांच्या आंत हा फरक! पावसाचा तक्ता पुस्तकांत पाहावा लागत नाहीं. ऊंस मागें पडून भाताचीं खाचरें लागतात, घरांचीं छपरें अधिक उतरतीं होतात, आणि झाडी रस्त्यापर्यंत येते. चढ इतका बेताचा कीं आपण सह्याद्रीच्या माथ्याकडे चाललों आहों हें सांगितल्याखेरीज कळूं नये.

कोयनानगरच्या अलीकडे चहासाठीं थांबलों. दुकानदार आमच्याच वयाचे. "कुठनं आलासा?" त्यांनीं विचारलें, आणि उत्तर ऐकून बांकावरची धूळ आपल्या पंचानें झटकली. त्यांचें मूळ गांव धरणाच्या पाण्याखालीं आहे. कोयनेचें धरण १९६४ सालीं पुरें झालें. उंची १०३ मीटर, आणि शिवसागर जलाशयांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें. आंकडे आम्हांस पाठ होते. परंतु दुकानदारांचे वडील पाण्यावरच्या एका जागेकडे बोट दाखवून "तिथं आपलं देऊळ" असें सांगत, हें आमच्या कोणत्याही पुस्तकांत नव्हतें. भाऊबंदांपैकीं कित्येकांस दूरच्या जिल्ह्यांत पाठविलें. पुढें ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे भूकंप झाला. सुमारें १८० माणसें दगावलीं. दुकानदार त्या वेळीं लहान होते. भिंत पडली ती बाहेरच्या बाजूस, म्हणून आपण वांचलों, एवढेंच ते बोलले. चहाचे पैसे घेईनात; नातवानें ते हळूच बशीखालीं ठेविले.

मुक्काम करून दुसऱ्या दिवशीं घाटमाथ्यावर आलों. येथें पायांखालीं एकदम कोंकण उघडतें. दिवसभर चढलों त्याच्या कितीतरी पट, पांच-सहाशें मीटर, आतां थोड्या किलोमीटरांत उतरावयाचें. नातू म्हणाला, "आजोबा, ब्रेक नवे आहेत. आईला कोण सांगणार?" प्रश्न आम्हांस अवघड गेला, कारण इच्छा आमचीही होती. कांहीं अंतर चाललों. मग एका सरळ तुकड्यावर आम्हीं त्यास जाऊं दिलें. हें आमचें चुकलें.

वळणापलीकडे तो दिसेनासा झाला आणि खालून मालमोटारीच्या भोंग्याचा लांबलचक आवाज आला. आम्ही गाडी हातीं धरून धांवलों. तो रस्त्याच्या कडेच्या चरांत पांढराफटक होऊन बसला होता. एक मालमोटार दुसरीस मागें टाकून वर येत होती. त्यानें ब्रेक आंवळले, पण उतारभर ते दाबून धरल्यामुळें चाकाची कड तापून रबराची पकड गेली होती. गाडी चरांत घातली म्हणून कोपर सोलण्यावर निभावलें. ज्यांस बसूनच उतरावयाचें असेल त्यांनीं ब्रेक सतत न दाबतां दाबावे व सोडावे, आणि कड निवण्यासाठीं मध्यें मध्यें थांबावें. आम्ही दोघे उरलेला घाट न बोलतां चाललों.

चालल्यामुळें रान नीट दिसलें. ऐन, किंजळ, जांभूळ, खालीं कारवीचे दाट ताटवे. पायथ्याशीं पोफळी. ज्या उतारानें आमचे ब्रेक जाळले त्याच उतारावर डोंगराच्या पोटांतून कोयनेचें पाणी खालीं सोडून येथें वीज काढतात. सर्व टप्पे मिळून शक्ति सुमारें १,९६० मेगावॅट. कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरास जावयाचें तें पाणी वासिष्ठींत पडून दाभोळच्या खाडीनें अरबी समुद्रास मिळतें. नातवानें वर घाटाकडे आणि खालीं पाण्याकडे पाहिलें, व "म्हणून वीज इकडच्या बाजूला," एवढेंच म्हणाला. आमच्या फळ्यावरच्या वाक्यानें हें काम कधीं झालें नव्हतें.

तेथून चिपळूणपर्यंत वासिष्ठीचें खोरें सपाट व सुखाचें. शहरांत जुलै २०२१ च्या महापुराच्या गोष्टी अजून निघतात. बाजारांत एकानें भिंतीवर हात ठेवून पाणी कोठवर आलें होतें तें दाखविलें. तो हात आमच्या डोक्याहून उंच होता.

घरीं आल्यावर सूनबाईंनीं प्रथम कोपराकडे पाहिलें. "घाट पायींच उतरलांत ना?" नातवानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं सर्व सांगितलें. त्या रात्रीं जेवणें मुकाट्यानें झालीं.