रुग्णालयाची वाट

नकाशावर रुग्णालयाच्या जागीं कंपासाचें टोंक टेकवावें, एक वर्तुळ काढावें आणि आंतल्या सर्वांची वैद्यकीय सोय झाली असें मानावें, ही हिशेबाची रीत फार सोपी आहे. म्हणूनच ती कार्यालयांना प्रिय असते. आजारी मनुष्य मात्र सरळ रेषेंत चालत नाहीं. त्याच्या वाटेंत रूळ येतात, नाले येतात, जिने येतात.

मुंबईचें परळच घ्या. के. ई. एम. रुग्णालय येथें १९२६ सालीं सुरू झालें. वाडियांचीं प्रसूतीचें व बालकांचें अशीं दोन रुग्णालयें त्याच सुमाराचीं. १९४१ मध्यें टाटा स्मारक रुग्णालयाची भर पडली. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या वस्तीला हीं पायीं गांठण्याजोगीं होतीं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, कामगारांचीं अनेक कुटुंबें कल्याण-विरारकडे पांगलीं. रुग्णालयें होतीं तेथेंच राहिलीं.

आतां मानखुर्दहून शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयास निघालेली एखादी आई डोळ्यांपुढें आणावी. मानखुर्द हार्बर मार्गावर, शीव मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर. म्हणजे कुर्ल्यास उतरणें, पूल चढणें, उतरणें आणि दुसऱ्या गाडींत शिरणें आलें. कडेवर तापानें फणफणलेलें मूल असतांना कस लागतो तो गाडींत नव्हे, दोन गाड्यांमधल्या जिन्यावर. अंतर मोजावयाचें तर घराची कडी लावल्यापासून केसपेपर हातीं येईपर्यंतच्या वेळांत मोजावें, आणि त्यांत बुडालेला रोजही धरावा. भाड्याचें म्हणाल, तर मे २०२५ मध्यें ‘बेस्ट’च्या साध्या बसचें किमान भाडें ५ रुपयांवरून १० रुपये झालें. रोगी व सोबती यांच्या एका बसच्या जाण्यायेण्यास २० रुपयांऐवजीं ४० रुपये पडूं लागले. आठवड्यांतून तीनदां डायलिसिस असेल त्यास १२०.

ज्यांना उपचारांची गरज अधिक, त्यांच्याच वांट्यास ते कमी येतात, असें वेल्समधील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनीं १९७१ सालीं लिहिलें होतें. वाट ही त्या उणिवेची एक बाजू. परळ व एल्फिन्स्टन रोड स्थानकांच्या अरुंद पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजीं चेंगराचेंगरींत २३ माणसें मेलीं. पुढें सप्टेंबर २०२५ मध्यें शेजारचा एल्फिन्स्टनचा जुना रस्तापूल पाडण्याकरितां वाहतुकीस बंद झाला, आणि प्रभादेवीच्या बाजूस राहणाऱ्यांना के. ई. एम. एका रात्रींत दूर गेलें. नकाशावरचें वर्तुळ जागचें हललें नाहीं.

मोठें रुग्णालय उचलून नेतां येत नाहीं, लहान दवाखाना मात्र वस्तींत नेतां येतो. मुंबई महानगरपालिकेनें नोव्हेंबर २०२२ पासून उघडलेल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांचें खरें मर्म त्यांच्या वेळेंत आहे: काम आटोपून संध्याकाळीं पायीं जातां आलें, तर साध्या तापासाठीं परळ गांठावें लागत नाहीं. कर्करोगासाठीं गांठावेंच लागतें. त्या रुग्णांना लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यांत बसण्याची मुभा आहे. डब्यापर्यंत पोंचावयाचें, तर स्थानकाचा उद्वाहक त्या दिवशीं चालू असावा लागतो.