रानबदकाचा अर्थ : इब्सेनच्या नाटकातील प्रतीक आणि प्रतीकवाचन

शोकात्म नाटकातील प्रतीकांचा विचार करताना अमुक वस्तू कशाचे प्रतीक आहे, असा प्रश्न आपण बहुधा प्रथम विचारतो. हेन्रिक इब्सेनचे ‘रानबदक’ (मूळ नॉर्वेजियन ‘विल्डान्डेन’, १८८४) हे नाटक या प्रश्नालाच अडचणीत आणते. कारण येथे प्रतीकाचा अर्थ लावणे हे समीक्षकाचे काम राहत नाही. ती नाटकातीलच एक कृती होते आणि शोकांतही तिच्यातूनच घडतो.

धनाढ्य वेर्लेच्या बंदुकीने जखमी झालेले बदक बुडी मारून तळाशी जाते, पाणवनस्पतींना चोचीने घट्ट धरून राहते. त्याचा कुत्रा त्याला वर आणतो. पुढे हे बदक छायाचित्रकार याल्मार एकडालच्या माळ्यावर पोसले जाते. याल्मारच्या वृद्ध वडिलांना तो माळा म्हणजे हरवलेले अरण्य वाटतो. चौदाव्या वर्षात असलेल्या हेडविगचे ते लाडके पाखरू आहे. याल्मारची पत्नी गिना हिला मात्र त्या बदकाचे फार स्तोम माजवले जाते, असे वाटते. वेर्लेचा मुलगा ग्रेगर्स मात्र एकडाल कुटुंबालाच तळाशी अडकलेले बदक मानतो आणि स्वतःकडे त्याला वर काढणाऱ्या कुत्र्याची भूमिका घेतो.

येथे आनंदवर्धनाच्या ध्वनिविचारातील एक भेद उपयुक्त ठरतो. ‘विवक्षितान्यपरवाच्य’ ध्वनीत वाच्यार्थ अभिप्रेत असतो आणि तो टिकून राहूनच अन्य अर्थ सूचित करतो. ‘अत्यंततिरस्कृतवाच्य’ प्रकारात वाच्यार्थ पूर्णपणे टाकून द्यावा लागतो. इब्सेनचे बदक पहिल्या प्रकाराच्या जवळचे आहे. ते आधी बदक आहे, त्याला पाणी आणि खाद्य लागते. त्याची सूचकता या साधेपणावरच उभी आहे. ग्रेगर्स त्याचे वाचन दुसऱ्या प्रकाराने करतो. त्याच्या दृष्टीने बदक उरतच नाही, उरतो तो केवळ अर्थ. घरातील दूषित, दलदलीच्या हवेविषयी तो रूपकात्म बोलतो, तेव्हा घर आपण रोज हवेशीर ठेवतो, असे गिना सांगते. प्रेक्षक हसतो, परंतु हे हास्य अभिधा आणि व्यंजना यांच्यातील तुटलेल्या संबंधावरचे आहे.

हेडविगला हा संबंध जाणवतो. ग्रेगर्स बोलतो त्याहून काही वेगळे सुचवीत असावा, हे तिच्या लक्षात येते. म्हणूनच ती त्याच्या अर्थविश्वात ओढली जाते. ती आपली मुलगी नसावी, या संशयाने याल्मार तिला दूर लोटतो, तेव्हा वडिलांच्या प्रेमासाठी बदकाचा त्याग कर, असे ग्रेगर्स तिला सुचवतो. पाचव्या अंकात माळ्यावरून गोळीचा आवाज येतो. बदकाचा बळी दिला गेला, या समजुतीने ग्रेगर्स हर्षित होतो. प्रत्यक्षात मृत्यू हेडविगचा झालेला असतो; बदक जिवंतच राहते. प्रतीकात्मक त्यागाची भाषा एका बालिकेच्या देहावर शब्दशः उतरते.

यावरून प्रतीकवाचनच निषिद्ध आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. गिनाची अभिधाही निर्दोष नाही. तिच्या व्यवहारी बोलण्याआड वेर्लेच्या घरातील भूतकाळ दडलेला आहे. हेडविगची आणि थोरल्या वेर्लेची दृष्टी एकाच वेळी क्षीण होत आहे, हा तपशील वाचकाने जोडून पाहावा, अशीच नाटकाची अपेक्षा आहे. तथापि इब्सेन तिच्या पितृत्वाचा निर्णय देत नाही. सूचना आणि निर्णय यांतील हे अंतर तो शेवटपर्यंत राखतो. ग्रेगर्सला नेमके तेच राखता येत नाही.

तुलनात्मक अभ्यासकाला या नाटकातून एक पद्धतिविषयक सूत्र मिळते. प्रतीकाचा अर्थ सांगताना तो अर्थ कोणते पात्र लावते, कोणावर लादते आणि त्याची किंमत कोण मोजते, हेही पाहिले पाहिजे. बदकाला ‘जखमी आत्म्याचे प्रतीक’ म्हणून मोकळे होणारा समीक्षक नकळत ग्रेगर्सच्याच बाजूला जाऊन उभा राहतो. त्याच्या वाचनातूनही हेडविग निसटलेली असते.