पुन्हा येईल का 'विनिंग इलेव्हन'?

डिसेंबर २०२४ मध्ये रियाधमध्ये इंडोनेशियाने अंतिम सामन्यात ब्राझीलला हरवून विश्वचषक जिंकला, असे कुणी सांगितले तर फुटबॉल पाहणारा माणूस हसेल. १९३८ साली, तेही डच अमलाखाली असताना, हा देश एकदाच फुटबॉलच्या विश्वचषकात खेळला. त्यानंतर मुख्य स्पर्धेपर्यंत तो पोहोचलेला नाही. पण रियाधची बातमी खरी आहे. फक्त सामना गवतावर नाही, पडद्यावर झाला. फिफाने भरवलेली ती अधिकृत ई-स्पर्धा होती आणि खेळ होता जपानच्या कोनामी कंपनीचा 'ई-फुटबॉल'.

जगातला सर्वात मोठा मुस्लिम लोकसंख्येचा देश या खेळात एवढा तरबेज कसा झाला, हे कळायला फार शोध घ्यावा लागत नाही. जकार्ता असो की बांडुंग, तिथल्या गल्ल्यांत वर्षानुवर्षे 'रेंटल पीएस'ची दुकाने होती. एका खोलीत चार-सहा टीव्ही, प्रत्येकाखाली प्लेस्टेशन, जमिनीवर चटई आणि तासावर पैसे. त्या पडद्यांवर बहुतेक वेळा एकच खेळ चाललेला असे. जपानी नाव 'विनिंग इलेव्हन', युरोपातले नाव 'प्रो इव्होल्यूशन सॉकर', म्हणजे आपल्या पोरांच्या तोंडी 'पेस'. आजचा ई-फुटबॉल हा त्याचाच वंशज.

ते वर्णन मुंब्रा, भिवंडी, मालेगाव किंवा कोंढव्याच्या वाचकांना ओळखीचे वाटेल. आपल्याकडेही क्रिकेटच्या देशात हा फुटबॉलचा खेळ घुसला तो असाच. काही ठिकाणी गेम पार्लरमधून, तर कोकणात आखाती देशांतून येणाऱ्या पेट्यांतून. कुवेत, मस्कत, दुबईहून सुट्टीवर येणाऱ्या अब्बूंच्या किंवा मामूंच्या सामानात टँगचे डबे, खजूर, अत्तर यांच्याबरोबर कधी तरी प्लेस्टेशनचा काळा डबा निघे आणि त्या दिवसापासून त्या घराची बैठकीची खोली मोहल्ल्याची होई. नियम सगळीकडे एकच: जो हरेल तो उठेल. रिमोट दोनच, वाट पाहणारे सहा. अजान झाली की 'पॉज', आणि नमाजहून परतल्यावर स्कोअर कुणी बदलला का यावर वाद. रमजानमध्ये तरावीहनंतर बसलेली पोरे सहरीलाच उठत आणि अम्मीचा ओरडा खात.

आज पस्तीस-चाळिशीत असलेले हे लोक त्या खेळाची आठवण काढतात तेव्हा ती केवळ लहानपणाची हळहळ असते असे मला वाटत नाही. लहानपणी आपण पुष्कळ खेळ खेळलो आणि विसरलो. हा विसरला जात नाही, कारण तो खरोखरच चांगला बनवलेला होता.

'विनिंग इलेव्हन'चा पहिला भाग १९९५ मध्ये जपानमध्ये आला, तोही जपानच्या जे-लीगचे संघ घेऊन. शिंगो ताकात्सुका, ज्यांना चाहते 'सीबॅस' म्हणून ओळखत, हे या मालिकेमागचे नाव. २००१ मध्ये प्लेस्टेशन-२ वर 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' आला आणि २००६ च्या सहाव्या भागापर्यंतची वर्षे हा त्याचा सुवर्णकाळ. या खेळात चेंडू पायाला चिकटलेला नसे. तो एक वेगळी, वजन असलेली वस्तू होती. शूटचे बटन किती वेळ दाबले यावर एक पट्टी भरत जाई. जरा जास्त भरली की चेंडू गोलपोस्टवरून थेट प्रेक्षकांत. त्रिकोणाचे बटन दाबून दोन बचावपटूंच्या फटीतून पुढे सरकवलेला पास, ज्याला सगळे 'थ्रू' म्हणत, तो नीट बसला की घरातल्या न खेळणाऱ्या माणसालाही काहीतरी सुंदर घडले हे कळे.

सामन्याआधी प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक रंगीत बाण दिसे. लाल बाण वर, म्हणजे गडी आज फॉर्मात. करडा बाण खाली, म्हणजे त्याला बाकावर बसवा. मग झिदानचा बाण खाली असेल तर काय करायचे? नाव मोठे म्हणून खेळवायचे की साध्या पण ताज्या खेळाडूला संधी द्यायची? बारा वर्षांच्या मुलाला असा निर्णय घ्यायला लावणारा खेळ साधा म्हणता येणार नाही. आणि 'पेस ६' मधला ब्राझीलचा आद्रियानो! त्याच्या डाव्या पायाची ताकद एवढी ठेवली होती की अर्ध्या मैदानावरून मारलेल्या फटक्यालाही गोलकीपर घाबरावा. कित्येक घरांत 'आद्रियानो घ्यायचा नाही' असा ठराव करूनच सामना सुरू होई.

परवान्यांचे पैसे कोनामीकडे नव्हते, ते प्रतिस्पर्धी 'फिफा' गेम काढणाऱ्या अमेरिकेच्या ईए कंपनीकडे होते. त्यामुळे मँचेस्टर युनायटेडचे नाव काही भागांत 'मॅन रेड', लिव्हरपूलचे 'मर्सीसाइड रेड'. त्याआधी तर रोबर्टो कार्लोसचा 'लार्कोस' झाला होता. आपण हसत असू, पण त्यावर उपायही होता. खेळातल्या 'एडिट'मध्ये जाऊन नावे, जर्सी, बूट सगळे स्वतः बदलायचे आणि आठ एमबीच्या मेमरी कार्डात ठेवायचे. अनेक घरांत हे काम आपा करायच्या, कारण भावांकडे एवढा सबुरीचा माल नव्हता.

सर्वात जास्त आठवण काढली जाते ती 'मास्टर लीग'ची. इथे तुम्हाला एक क्लब मिळे आणि त्यात कुणीही न ऐकलेले, कंपनीने कल्पनेतून बनवलेले खेळाडू: गोलमध्ये इवारोव्ह, मधल्या फळीत मिनांडा आणि झिमेलेझ, पुढे कास्तोलो. सुरुवातीला हे सगळे संथ आणि ढिले. सामने जिंकून गुण मिळवायचे, त्यातून पगार द्यायचे, उरले तर एखादा बरा खेळाडू विकत घ्यायचा. हंगाम संपता संपता खाते रिकामे झाले तर खेळ संपला. खेळाडू वाढत, म्हातारे होत, निवृत्त होत. मिळकत मोजून खर्च करणे आणि आज नाही तर दोन हंगामांनी हे पोर तयार होईल म्हणून वाट पाहणे, हा त्या खेळाचा गाभा होता. जगभरात आज चाळिशीतले लोक झिदानइतक्याच मायेने कास्तोलोचे नाव घेतात, आणि तो माणूस अस्तित्वातच नाही.

मग हे सगळे गेले कुठे?

प्लेस्टेशन-३ आल्यावर कोनामीचे पाऊल अडखळले. 'पेस २००८' नव्या यंत्रावर रखडत चाले. त्याच सुमारास ईएचा खेळ सुधारला. पण खरा फरक २००९ मध्ये पडला, असे माझे मत आहे. त्या वर्षी ईएने 'अल्टिमेट टीम' आणली: पत्त्यांसारखी बंद पाकिटे विकत घ्या, त्यातून निघतील ते खेळाडू तुमचे. मेस्सी निघेल की कुणी अनोळखी राखीव गडी, ते पाकीट फोडल्यावर कळणार. यात एवढा पैसा निघाला की पुढे फुटबॉलचा खेळ बनवणे आणि पाकिटे विकणे हे एकाच धंद्याचे दोन भाग झाले. कोनामीनेही 'पेस २०१५' मध्ये 'मायक्लब' आणून तीच वाट धरली.

२०२१ मध्ये कोनामीने 'पेस' हे नावच पुसले. 'ई-फुटबॉल' फुकट असेल असे जाहीर झाले आणि ३० सप्टेंबरला तो आला, तो अवघे नऊ क्लब घेऊन. खेळाडूंचे चेहरे वाकडेतिकडे, हालचाली विचित्र, मास्टर लीगचा पत्ता नाही. काही दिवसांतच तो 'स्टीम' या संगणकावरच्या गेम-दुकानातला सर्वात वाईट शेरे मिळालेला खेळ ठरला आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. एप्रिल २०२२ मध्ये दुरुस्त आवृत्ती आली. तेव्हापासून खेळ बराच सुधारला, हे मान्य करायला हवे. मोबाइलवर तर तो अफाट चालतो. सर्व यंत्रांवर मिळून ७५ कोटींहून अधिक वेळा तो उतरवला गेल्याचे कंपनी सांगते. आपल्या घरातल्या मुलांच्या फोनमध्येही तो सापडेल. मास्टर लीग मात्र 'पुढे येईल' असे सांगितले गेले आणि ठरलेले २०२३ साल तसेच उलटले.

इथे आई-वडिलांनी जरा थांबून बघावे. ज्या आद्रियानोला आपण सीडीसोबत घरी आणला होता, तोच आज मुलाच्या फोनमध्ये एका पेटीत बंद आहे. पेटीत अशी दीडशे नावे असतात आणि खरी हवीशी त्यातली दोन-तीन. खेळून मिळणारी नाणी थोडी. बाकीची खऱ्या पैशाने घ्यायची. मूल त्याला 'स्पिन' म्हणते. पैसे निश्चित, मिळणारी वस्तू अनिश्चित, आणि 'अजून एकदा'ची ओढ. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये अशा विकत घेतल्या जाणाऱ्या पेट्यांना जुगार ठरवले आणि २०१९ च्या सुरुवातीला ईएला त्या देशात आपल्या खेळातले पॉइंट विकणे बंद करावे लागले. ते धार्मिक कारणाने नव्हे, मुलांच्या संरक्षणासाठी. आपल्याकडे तर सूरह बकरह आणि सूरह माइदहमध्ये 'मयसिर'चा उल्लेख नशेच्या बरोबरीने आलेला आहे. मोबाइलची स्पिन त्यात कितपत बसते, हे आपल्या भागातल्या आलिमांना विचारावे. मी फतवा देणारा कोण? पण विचारण्यासाठी आधी बापाला ती काय भानगड आहे हे माहीत हवे. बापाच्या डोक्यात फुटबॉलचा गेम म्हणजे अजून मिनांडा आणि कास्तोलोच असतात, म्हणून तो निर्धास्त असतो.

जुना खेळ परत यावा असे म्हणणाऱ्यांना काय हवे आहे, ते यावरून कळते. चित्रे आजची असू द्या, गवताची पाती मोजता आली तरी हरकत नाही. पण एकदा पैसे दिले की खेळ पूर्ण आपला. इंटरनेट नसले तरी चालणारा. एका गादीवर दोघांनी बसून खेळायचा. आणि मास्टर लीग, जिथे चांगला खेळाडू नशिबाने नाही, बचतीने मिळतो.

कोनामी हे करील का? आशेला जागा आहे. याच कंपनीने आपले जुने गाजलेले खेळ अलीकडे नव्याने बनवले: २०२४ मध्ये 'सायलेंट हिल २', २०२५ मध्ये 'मेटल गियर सॉलिड ३'. दोन्ही एकदा विकत घेऊन पूर्ण खेळता येतात. म्हणजे जुन्या चाहत्यांच्या खिशात पैसा आहे हे कंपनीला कळलेले आहे. दुसरीकडे २०२३ पासून ईएच्या खेळावरून 'फिफा' हे नाव गेले आणि फिफा स्वतः कोनामीच्या खेळावर स्पर्धा भरवू लागली. वीस वर्षांपूर्वी हे कुणाला सांगितले असते तर पटले नसते. अडचण मात्र जुनीच आहे. फुटबॉलचा खेळ नव्याने काढायचा तर खेळाडूंची नावे, क्लबांच्या जर्सी, स्टेडियम या सगळ्यांचे परवाने नव्याने घ्यावे लागतात. दैत्य आणि हेरांच्या गोष्टींना ती कटकट नसते. आणि फुकटच्या खेळात पेट्या विकून दररोज पैसा येत असताना एकदाच विकायचा खेळ कोण काढील, हा हिशेबही कंपनी करणारच. आपल्याकडून तर तिला कधी फारसा पैसा मिळालाही नाही. आपल्या पार्लरमधल्या बहुतेक सीड्या कॉपी केलेल्या होत्या, हे विसरून कसे चालेल.

तोवर चाहते स्वस्थ बसलेले नाहीत. 'पेस ६' आणि 'पेस २०२१' या जुन्या भागांत नव्या हंगामाचे संघ, जर्सी, खेळाडू घालण्याचे काम जगभरातले हौशी लोक आजही करतात, विनामोबदला.

ज्यांच्या माळ्यावर जुना प्लेस्टेशन-२ अजून पडून आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे. सीडी वाचत नसेल तर बहुधा लेन्सवर धूळ बसलेली असते किंवा ती झिजलेली असते; जुने कन्सोल उघडणाऱ्या कारागिराकडून साफ करून किंवा बदलून घ्यावी. नव्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी पिन लावायची जागा अनेकदा नसते, त्यासाठी एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर लागतो. मेमरी कार्ड फेकू नका, त्यात आपांनी बदललेली नावे असतील. आणि दुसरा रिमोट चालतो की नाही ते मुलाला बोलावण्याआधी तपासून ठेवा.