लिडियामावशीचं काय करायचं?

मंगळवारी, 27 मे 2025ला, ‘द हँडमेड्स टेल’ या मालिकेचा शेवटचा भाग आला आणि आमच्या घरात दोघी बहिणींचा अबोला सुरू झाला. थोरली भाची अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकते, धाकटी बीडला बी.ए. करते. कारण एवढंच, की मालिकेची नायिका जून हिने, जिच्या घरात ती दासी होती त्या सेरेनाला माफ केलं. थोरलीला ते पटलं. धाकटी उसळून म्हणाली, “मावशी, जिनं हिचे हातपाय धरून ठेवले तिला माफी? मग तिच्या नवऱ्याला तरी का मारलं?”

प्रश्न रास्त आहे. सेरेनाने ‘बाईची जागा घरात’ असं सांगणारं पुस्तक लिहून, बायकांना सक्तीने मुलं जन्माला घालायला लावणाऱ्या गिलियड या राज्याचा पाया घातला, आणि त्याच राज्यात बायबल वाचलं म्हणून तिचं बोट छाटलं गेलं. जून तरी कुठे सोवळी आहे? ती नंतर ज्या घरात दासी असते तिथल्या मिसेस लॉरेन्सने गोळ्या खाल्ल्या आहेत हे दिसत असूनही, आपला बेत फसू नये म्हणून ती कुणालाही हाक न मारता खोलीतून निघून येते. चौथ्या सीझनच्या शेवटी ती बायकांचा जमाव घेऊन सेरेनाच्या नवऱ्याला, फ्रेडला, जंगलात ठेचून मारते आणि रक्ताळलेल्या अंगाने तान्ह्या लेकीला उराशी धरते. चाहत्यांत फूट पडली ती तिथे. सोसणारी जून सगळ्यांना हवी होती. सूड घेणारी, खोटं बोलणारी, दुसऱ्यांचे जीव पणाला लावणारी जून अनेकांना नकोशी झाली.

पुरुष पात्रांना हा हिशेब लागत नाही. ‘ब्रेकिंग बॅड’मधला वॉल्टर व्हाइट लहान मुलावरही विषप्रयोग करतो, तरी त्याच्या नावाचे टीशर्ट खपले. त्याची बायको स्कायलर हिच्यावर मात्र प्रेक्षकांचा इतका राग निघाला, की ती भूमिका करणाऱ्या ॲना गनला 2013 साली त्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहावा लागला. आपल्याकडे 1982च्या ‘उंबरठा’तली स्मिता पाटीलची सुलभा महाजन लेकीला घरी ठेवून नोकरीला जाते. ती आई म्हणून चुकली का, हा वाद माझ्या आईच्या मैत्रिणी अजून घालतात. नंतरच्या मालिकांनी तो वादच मोडीत काढला. एका बाजूला सोशिक सून बसवली, दुसऱ्या बाजूला कारस्थानी बाई. मधल्या बायका गेल्या कुठे?

त्या बीड जिल्ह्यात आहेत, असं मला हा शेवट बघताना सारखं वाटत राहिलं.

त्याच्या आठवडाभर आधी जयंत नारळीकर गेले तेव्हा आपण सगळ्यांनी विज्ञानकथा म्हणून धूमकेतू आणि यानं आठवली. ही मालिका जिच्यावर बेतली आहे ती मार्गारेट अ‍ॅटवूडची 1985ची कादंबरी विज्ञानकथेसाठीच्या आर्थर सी. क्लार्क पुरस्काराची पहिली मानकरी आहे, पण तिच्यात यान नाही. माणसांनी कुठे ना कुठे आधी केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही, हा अ‍ॅटवूडने स्वतःला घातलेला नियम होता. रुमानियात 1966च्या फर्मानाने गर्भपात बंद झाला आणि पुढे कामाच्या जागी बायकांच्या तपासण्या होऊ लागल्या. असली उदाहरणं तिच्यापुढे होती.

बीडमध्ये तिची वही भरली असती. 2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास 17. देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आहे. गिलियडमध्ये पिशवीवर पहारा असतो, इथे ती काढून टाकली जाते. दोन्हीकडे ती कामाच्या हिशेबात धरलेली असते. नावाचंही तसंच. तिकडे जूनची ‘ऑफ्रेड’ होते, फ्रेडची. इकडे नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ होतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर दिली जाते. एकाने दांडी मारली की खाडा पडतो आणि दंड कापला जातो. डोक्यावर मोळी, राहायला खोपी, संडास नाही, पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही. अंगावरून जायला लागलं की पहिला सल्ला येतो, “पिशवी काढून टाक.”

हा सल्ला देतं कोण, यावर माझी सुई अडकली आहे. कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर आहेतच, त्यांना मी सोडत नाही. पण त्यांच्याआधी बऱ्याचदा बाईच असते. जाऊ, शेजारीण, आई. तिने स्वतः काढलेली असते. “मी काढली, मोकळी झाले, तूही हो,” असं ती मायेने सांगते. बातम्यांत मात्र ही बाई सापडत नाही. तिथे फक्त बळी असतात, 13,861. बळी ठरायचं तर बाई निर्दोष हवी, म्हणून “तिने स्वतःच का होकार दिला?” हा प्रश्न कुणी विचारला की तो आरोप वाटतो आणि आपण गप्प बसतो.

‘द हँडमेड्स टेल’ने हा प्रश्न सहा सीझन न घाबरता विचारला, दासींवर देखरेख करणाऱ्या लिडियामावशीच्या रूपाने. अ‍ॅन डाउडने उभी केलेली ही बाई मुलींना विजेच्या दांडक्याने मारते आणि त्याच मुलींसाठी तिचा जीव तुटतो. एकेकाळी ती शाळेत शिकवायची. आपण या पोरींना वाचवतोय अशी तिची खरोखरची समजूत आहे. जेनीन या दासीचा डोळा तिच्याच राजवटीत काढला गेला, आणि शेवटी जेनीनला तिची लेक मिळवून देण्यात लिडियाचाच हात आहे. मला विचाराल तर सेरेनाच्या माफीपेक्षा अवघड हिशेब हा आहे. लिडियाला खलनायिका म्हणावं तर तिची माया खोटी ठरते, बळी म्हणावं तर तिचं दांडकं विसरावं लागतं.

थोरलीने परवा फोनवर एक गोष्ट सांगितली. ओपीडीत आलेल्या एका बाईची केस लिहिताना ऑपरेशन कधी झालं, कुठे झालं, हे तिने नेहमीप्रमाणे विचारलं. मग कागदावर नसलेला एक प्रश्न विचारला, “काढ म्हणून कुणी सांगितलं होतं?” बाईने थोरल्या जावेचं नाव घेतलं. जरा थांबून म्हणाली, “अन् धाकटीला म्या सांगितलं.”

थोरलीने पेन खाली ठेवलं आणि तिला बसायला खुर्ची दिली. आमच्या धाकटीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ताईला फोन लावून दे.”