गोंदण आणि ख्रिस्ती धर्म
गोंदण म्हणजे सुईने त्वचेत रंग भरून उमटविलेली कायमची खूण होय. धानोरा हे गाव ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, तेथील भिल्ल समाजात स्त्रियांच्या कपाळावर व हातांवर गोंदण्याची जुनी परंपरा आहे. इतर दागिने मागे राहतात, गोंदण मात्र मृत्यूनंतरही देहासोबत जाते, अशी समजूत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळते. अशा समाजांतील ख्रिस्ती कुटुंबांच्या दृष्टीने गोंदण श्रद्धेला बाधक आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

बायबलच्या जुन्या करारातील लेवीय १९:२८ या वचनात मृतांसाठी अंगावर जखमा करण्यास व खुणा गोंदण्यास मनाई आहे. अनेक अभ्यासक तिचा संबंध तत्कालीन शोकविधींशी जोडतात. नव्या करारात गोंदणाविषयी स्वतंत्र आज्ञा नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात (६:१९-२०) पौलाने शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे; तेथील मूळ संदर्भ व्यभिचाराचा आहे.

या वचनांच्या आधारे काही ख्रिस्ती गोंदण वर्ज्य मानतात, तर काही त्यामागील हेतूला महत्त्व देतात. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती मनगटावर क्रूस गोंदवून घेतात. तेथे तीच श्रद्धेची ओळख आहे.

उत्पत्ती १:२७ नुसार मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला. या विचारानुसार देहाचे मोल गोंदणामुळे वाढत वा घटत नाही. बाप्तिस्म्यापूर्वी जुने गोंदण काढून टाकण्याची अट बायबलमध्ये नाही. नव्याने गोंदवून घेताना मात्र देहाची काळजी हाही विचाराचा भाग ठरतो, कारण वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी सारखे रोग पसरू शकतात.